तगरीवरची निळ्या डोळ्यांची अळी: पहिल्यांदा पाळताना

पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो ठरल्यासारखा येतो. तगरीच्या फांदीला चिकटलेली करंगळीहून जाड हिरवीगार अळी, मानेपाशी दोन निळे डोळे आणि खाली प्रश्न, ‘हे काय आहे? चावतं का? माळीकाकांना फवारायला सांगू?’

चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर केस नाहीत, त्यामुळे हात लागला तरी खाज सुटत नाही. ही ओलिअँडर हॉक मॉथ नावाच्या पतंगाची अळी. पहिल्यांदाच अळी पाळून पाहायची असेल तर हिच्याइतकी सोयीची दुसरी मला सापडलेली नाही. अंगाने मोठी असल्याने सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तिचं खाणं कुंपणालाच लागलेलं असतं आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा कारभार सव्वा-दीड महिन्यात आटोपतो. मी बऱ्याच वाढवल्या, सुरुवातीच्या काही माझ्याच चुकांनी वायाही घालवल्या. त्या चुका कुठे होतात ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय.

आधी ओळख पटवा

शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये या पतंगाचं वर्णन केलं. ‘नेरी’ आलं नेरियमवरून, म्हणजे आपल्या कण्हेरीवरून. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, सगळा भारत आणि पुढे आग्नेय आशिया, एवढा याचा मुलूख. उन्हाळ्यात काही पतंग दक्षिणेकडून उडत उडत उत्तर युरोप गाठतात. इंग्लंडमध्ये एखादा पोचला की तिथल्या पतंगवेड्यांची धांदल उडते. आपल्याकडे तोच सोसायटीच्या कुंपणावर फवारा खात असतो.

अळीचं खाणं म्हणजे कण्हेर, तगर, सदाफुली, सप्तपर्णी. सगळी एकाच कुळातली, चीक असलेली झाडं. शहरात ती बहुतेक तगरीवरच भेटते. डबल तगरीला पुष्कळ जण अनंत समजतात. शंका आली तर एक पान खुडा. देठातून पांढरा चीक आला तर तगर, अनंताला चीक नसतो.

आता अळी बघा. शेपटीच्या टोकावर वर आलेलं एक शिंग असेल तर ती हॉक मॉथची. कण्हेरीवर पांढऱ्या-तपकिरी आडव्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या लांब शेंड्या असलेली अळीही सापडते, पण ती कॉमन क्रो या फुलपाखराची. तगरीची पानं चिकटवून त्यांच्या आत राहणारी लहान हिरवी अळी तिसऱ्याच एका छोट्या पतंगाची. तिळावर किंवा वांग्यावर शिंगवाली मोठी अळी दिसली तर ती हॉक मॉथच, पण दुसऱ्या जातीची. तिला तगर घालू नका, उपाशी मरेल.

आपल्या अळीच्या हिरव्या अंगावर दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टा जातो आणि त्याच्या आसपास बारीक पांढरे-निळसर ठिपके असतात. काही अळ्या हिरव्याऐवजी तांबूस-तपकिरी निघतात, त्याही हिच्याच. आणि ते डोळे? ते डोळे नाहीतच. काळ्या काठाचे निळे-पांढरे ठिपके आहेत ते. अळीला डिवचलं की ती डोकं आत ओढून मान फुगवते. मग ठिपके ताणले जातात आणि समोरच्या पक्ष्याला क्षणभर साप दिसतो. खरे डोळे डोक्याच्या खालच्या अंगाला, मोहरीहून कितीतरी बारीक.

शोधायची ती खाली बघून

नवखी माणसं पानांत अळी शोधत बसतात. तिचा रंगच पानाचा, सापडणार कशी? झाडाखालची फरशी बघा. गडद हिरव्या-काळ्या, मिऱ्याएवढ्या लेंड्या पडलेल्या दिसतील. हॉक मॉथच्या लेंड्यांना उभ्या खाचा असतात, छोट्या पिंपासारख्या दिसतात. लेंडी ओलसर असेल तर अळी बरोबर तिच्या वर कुठेतरी आहे. मग मान वर करून कुरतडलेला शेंडा शोधा, त्याच्या खालच्या फांदीवर ती पडून असेल. मोठी अळी दिवसा फारशी हलत नाही, खायला रात्री बसते.

अंडं मिळालं तर उत्तम. ज्वारीच्या दाण्याहून लहान, फिकट हिरवा, गोल मणी. मादी एका जागी एकच चिकटवते, कोवळ्या पानांच्या वर किंवा खाली. पान देठासकट तोडून आणा, अंडं सोडवायला जाऊ नका. आपल्या उबेत तीन-चार दिवसांत, गारठ्यात आठवड्याभरात अळी बाहेर येते. अंडं काळं पडून तसंच राहिलं तर समजा की एखाद्या सूक्ष्म गांधीलमाशीने त्यात आपलं अंडं आधीच घातलेलं होतं. ते टाकायचं असेल तर झाडाखालीच टाका, कारण तगरीवरच्या अळ्या आटोक्यात ठेवण्याचं काम याच माश्या करतात.

किती आणायच्या? पहिल्या खेपेला दोन. मोठी अळी एका दिवसात तगरीच्या एका फांदीचा खराटा करते. सहा अळ्या आणल्या तर दहाव्या दिवसापासून तुम्ही पिशवी घेऊन लोकांच्या कुंपणांभोवती फिरू लागाल.

डबा आणि पाला

लहान अळीला मिठाईचा प्लास्टिकचा डबा पुरतो. तळाला टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा तुकडा, वर झाकण. नुकती निघालेली अळी पिवळसर आणि केसासारखी बारीक असते. मागचं काळं शिंग मात्र अंगाच्या मानाने भलतंच लांब. झाकणाला मोठी भोकं पाडलीत तर ती सहज निघून जाईल. लहान वयात डब्याला भोकं नसली तरी चालतं, रोज झाकण उघडलं की पुरेशी हवा मिळते. डब्यात पाणी धरू लागलं तर टिश्यू बदला. ओल आणि सडकी पानं एवढ्यावर अळ्या मरतात.

पाण्याची वाटी ठेवायची नाही. तिला लागणारं सगळं पाणी पानात असतं.

पाल्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण माझी पहिली जोडी इथेच गेली. पावसात बाहेर जायचा कंटाळा म्हणून मी एका नर्सरीतून तगरीचं रोप आणलं, पानं तजेलदार, एकालाही भोक नाही. अळ्यांनी संध्याकाळी खाल्लं आणि सकाळी दोन्ही अंग आखडून, तोंडातून हिरवं पाणी सोडून पडलेल्या होत्या. एकाही पानाला भोक नाही यातच मला कळायला हवं होतं. काही औषधं झाडाच्या रसात भिनतात, ती पान धुऊनही जात नाहीत. तेव्हा ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाचा पाला आणा. माळीकाकांना आधीच गाठा आणि तेवढी एक तगर महिनाभर फवारू नका म्हणून सांगा. आमचे काका आता ‘ताई, तुमचं झाड सोडलंय हं’ असं स्वतःहून सांगतात.

तगरीवरच्या अळीला तगर, कण्हेरीवरच्या अळीला कण्हेर. दोन्ही झाडं तिची असली तरी एका चवीवर वाढलेली अळी दुसरीकडे तोंड फिरवते. मध्येच बदल करू नका.

कण्हेर आणणार असाल तर काळजी घ्या. कण्हेरीचा प्रत्येक भाग माणसाला आणि गुराढोरांना विषारी आहे. आपलं हृदय बिघडवणारी द्रव्यं ही अळी पचवून बसते, पण त्याने आपल्याला सूट मिळत नाही. पानं स्वयंपाकघरात नेऊ नका, चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका, लहान मुलांना पानं तोडायला लावू नका. घरात रांगतं मूल असेल तर सरळ तगरीवरची अळी पाळा.

अळी दोन पेरांएवढी झाली की मोठा डबा घ्या, किंवा खोक्याला एका बाजूने मच्छरदाणीची जाळी लावा. फांद्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. उघडं ठेवलंत तर अळी फांदीवरून उतरत थेट पाण्यात जाते. पोहता येत नाही आणि मागे फिरण्याची बुद्धीही नसते. लेंड्या रोज झटका. खोकं उन्हात ठेवू नका.

कात टाकताना हात लावू नका

अळी मोठी होताना चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळेच्या आधी ती खाणं थांबवून पानाच्या शिरेवर किंवा फांदीवर जवळपास दिवसभर निश्चल बसते. डोकं पुढे सरकल्यासारखं दिसतं, रंग मळकट होतो. पाळणाऱ्याला वाटतं, पान आवडलं नाही, उचलून ताज्या पानावर ठेवूया. तसं करू नका. तिने पायाखाली रेशमाची बारीक जाळी विणून त्यात पाय अडकवलेले असतात, त्या आधारानेच जुनी कात मागे सरकते. तुम्ही तिला सोडवलंत तर कात अर्धी अडकते. पान बदलायचंच असेल तर अळीसकट जुना तुकडा कापून नव्या फांदीवर ठेवा, वेळ झाली की ती आपण होऊन चालू लागेल. पडलेली कात बहुतेक वेळा ती स्वतःच खाते, तेव्हा शोधत बसू नका.

चौथी कात टाकल्यावर लांब काळ्या शिंगाच्या जागी आखूड, जाडसर, पिवळट-नारिंगी शिंग दिसतं. इथून पुढे ती खरी खायला लागते. सात-आठ सेंटिमीटरची होईपर्यंत रात्री शांततेत पानं कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. आमच्या घरात या आवाजाबद्दल दोन मतं आहेत.

अळी काळवंडते तेव्हा

साधारण तीन आठवडे झाले की एका सकाळी हिरवी अळी पाठीवरून तपकिरी, मग गडद, जवळजवळ काळपट झालेली दिसते. फांदी सोडून ती खाली उतरलेली असते आणि डब्याच्या भिंतीवर घिरट्या घालत असते. सगळ्यात जास्त अळ्या याच वेळी फुकट जातात, तेही केवळ पाळणारा घाबरतो म्हणून. शेजारचा सातवीतला मुलगा रडकुंडीला येऊन दारात उभा होता, ‘काकू, माझी सडली. टाकून देऊ?’ त्याला मी हसले नाही. माझी पहिली अशी झाली तेव्हा मी तिला रोग लागला समजून पाणी शिंपडलं होतं, ताजी पानं तोंडापाशी नेली होती आणि शेवटी निकामी म्हणून बाल्कनीत वेगळी काढून ठेवली होती.

तिला काही झालेलं नसतं. तिचं खाणं संपलेलं असतं. एक मोठी पातळ शी करून ती पोट रिकामं करते आणि कोषासाठी जागा शोधायला झाडावरून उतरते. पानांत लपायला हिरवा रंग बरा, मातीवरून चालताना तोच रंग उठून दिसला असता. म्हणून ही काळपट पाठ.

खरी आजारी अळी वेगळी दिसते. ती चालत नाही, मागच्या पायांवर लोंबकळते, अंग पिशवीसारखं लिबलिबीत होतं आणि दाबलं गेलं की घाण वासाचं पाणी येतं. तशी दिसली तर लगेच कागदात गुंडाळून बाहेर टाका, डबा गरम पाणी-साबणाने धुवा आणि दुसरी अळी वेगळ्या डब्यात हलवा. तुमची अळी ताठ आहे, भराभर चालतेय, नुसता रंग बदललाय, तर ती ठणठणीत आहे.

आता करायचं एवढंच. बादलीत किंवा खोल खोक्यात चार बोटं किंचित दमट माती घ्या. मुठीत दाबून सोडली की ढेकूळ सुटावं इतपतच दमट. वर भरपूर कोरडा पालापाचोळा घाला, अळी त्यात सोडा, जाळी बांधा आणि दोन दिवस झाकून अंधारात ठेवा. या जातीची अळी मातीत खोल जात नाही. दोन-चार वाळकी पानं विरळ धाग्यांनी ओढून त्यांच्या खाली पडून राहते. तिथे ती आखडून निम्मी होते आणि काही दिवसांनी शेवटची कात टाकून कोष बनते. ‘झाला का, झाला का’ म्हणत पानं उचलू नका. आठवड्याने एकदाच बघा.

कोष

कोष सहा-सात सेंटिमीटर लांब, तांबूस-तपकिरी असतो आणि दोन्ही बाजूंना श्वासछिद्रांपाशी काळे ठिपके दिसतात. नवा कोष मऊ असतो, तीन-चार दिवस हात लावू नका. नंतर हलकेच उचललात तर शेपटीकडचा भाग वळवळेल, म्हणजे जिवंत आहे. त्याला टिश्यूवर आडवा ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी आजूबाजूला पाण्याचा हलका हबका मारा. कोषावर पाणी नको. गालिच्यावर, कपाटात ठेवू नका, विसराल.

दोन ते तीन आठवडे लागतात. मधल्या काळात कोषातून पतंगाऐवजी माशीचे पांढरे किडे निघाले तर दचकू नका. काही माश्या अळीच्या अंगावर अंडी घालतात, त्यांची पिल्लं आतून अळी पोखरत वाढतात. बाहेरून आणलेल्या मोठ्या अळीत हे बऱ्याचदा आधीच झालेलं असतं, तुमची चूक नसते. म्हणूनच अंडं किंवा अगदी लहान अळी आणलेली बरी.

वाट बघताना वही घाला. अंडं कधी सापडलं, कुठल्या झाडावर, कातीच्या तारखा, कोष कधी झाला, पतंग कधी निघाला. कारवारच्या बाजूला वनखात्यात नोकरी केलेल्या टी. आर. बेल यांनी अळ्या अशाच घरी वाढवून नोंदी केल्या आणि त्यांतून एफ. बी. स्कॉट यांच्यासोबत लिहिलेला भारतातल्या हॉक मॉथवरचा खंड १९३७ मध्ये आला. आजही हॉक मॉथच्या अळीचं वर्णन हवं असेल तर माणसं तिथेच जातात. तुमच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २०१२ पासून नॅशनल मॉथ वीक होतो, अमेरिकेत सुरू झाला, आता भारतातही बरेच जण त्यात नोंदी करतात, आणि आपल्याकडे नेमका पाऊस चालू असल्याने ती तारीख आपल्याला फारच सोयीची पडते.

चढायला खडबडीत काहीतरी हवंच

बाल्कनीत टाकलेली माझी ती काळवंडलेली अळी मेली नव्हती. उघड्या टिश्यूवर, पाल्याशिवायच तिने कोष केला. मी खूश होऊन तो स्वच्छ, गुळगुळीत प्लास्टिकच्या डब्यात ठेवला. पतंग रात्री निघाला. कोषातून येताना त्याचे पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले आणि बोटभरही नसतात. त्याला लगेच उंच चढून उलटं लटकावं लागतं, तेव्हा अंगातलं द्रव पंखांत उतरून ते अर्ध्या-पाऊण तासात पसरतात आणि पुढे काही तासांत टणक होतात. प्लास्टिकवर त्याचे पाय टिकले नाहीत. रात्रभर घसरला असणार. सकाळी पंख चुरगळलेल्या अवस्थेतच वाळून गेलेले होते. वाळलेले पंख पुन्हा उघडत नाहीत, कुठलाही उपाय नाही.

तेव्हा कोष झाल्याबरोबर डब्याच्या आतून जाळी, गोणपाट किंवा जुना टॉवेल तळापासून वरपर्यंत लावा. खडबडीत काड्या तिरक्या टेकवा. वर किमान वीतभर मोकळी जागा हवी, कारण पसरल्यावर हा पतंग पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-अकरा सेंटिमीटर भरतो. रंग गडद होऊन कोषाच्या आत पंखांची नक्षी दिसू लागली की एक-दोन रात्रींचाच प्रश्न. बहुतेक वेळा तो तुम्ही झोपल्यावरच निघतो. पंख पसरल्यावर तो मळकट पाणी सोडतो, ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण आहे. खाली जुना पेपर ठेवा. आमच्या पडद्यावरचा डाग तीन धुण्यांत गेला नाही.

आणि मग तो पतंग. हिरव्याच्या चार-पाच छटा, मधून गुलाबी, जांभळट, पांढऱ्या रेषा. एखाद्या पैठणी विणणाऱ्याने मुद्दाम जुळवलेत असं वाटावं असे रंग. दिवसा पानांत बसला तर मात्र दिसत नाही.

सोडताना

दिवसा सोडू नका, कावळे-बुलबुल टपलेले असतात. अंधार पडल्यावर जाळी उघडा आणि दिवे बंद करा. उडण्याआधी तो बसल्या जागी पंख थरथरवत राहतो. घाबरलेला नसतो, उडण्याचे स्नायू तापवत असतो. मिनिटा-दोन मिनिटांत घूं आवाज करत सुटतो आणि नजर पोचायच्या आत गेलेला असतो. पाऊस कोसळत असेल तर एक रात्र थांबवलात तरी चालेल.

जवळ रात्रीची सुवासिक, नळीसारखी फुलं असली तर चांगलं. हॉक मॉथ फुलावर न बसता हवेत एका जागी तरंगत लांब सोंडेने मध पितात. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात ती याच पाहुण्यांसाठी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल होऊन ती दिवसाच्या गिऱ्हाइकांना बोलावतात. बुचाच्या झाडाची लांब देठांची पांढरी फुलं आपण सकाळी वेचतो, तीही रात्री हॉक मॉथ येऊन गेल्यावरची. पपईच्या बागेतही त्यांची रात्रपाळी चालते.

उरलेली माती कुंडीत रिती करा, जाळी धुऊन वाळवा, डब्यावर तारीख लिहून माळ्यावर टाका. मादी सोडली असेल तर आठ-पंधरा दिवसांनी जवळच्या तगरीखालच्या फरशीवर एकदा नजर टाकायला हरकत नाही.